तीन पट्ट्या खालचा ऑर्गन

किंग्स्टन,
१४ ऑगस्ट २००८

प्रिय इसीताई,

टोरोंटोहून तू पाठवलेलं पार्सल मिळालं. लोकरीचे मोजे कोणासाठी गं? इथे घामाने जीव चाललाय. मी बरा आहे. आंबे संपले, नीरफणसाला मात्र ऊत आलाय. आईही बरी आहे. तिचं पुढे लिहितो.

सध्या एका कामाने डोकं पार चक्रावलंय. ‘लिग्नम लेन’ ही अडुसष्ट सालची नाचाची धून तुला आठवत असेल. लॅसेल्स नावाच्या निर्मात्याला तिच्यातला ऑर्गन नव्या गाण्यात हुबेहूब हवाय. तबकडीवर वाजवणाऱ्याचं नाव नाही. मी तसाच जुना ऑर्गन मिळवला, त्याचा लाकडी पेटीतला फिरता भोंगाही आणला. आवाज जुळला, पण एक जागा काही केल्या जमेना. दर ओळीच्या शेवटी सूर अलगद खाली घसरतो. उंच काळ्या पट्टीवरून खालच्या पांढरीवर बोट घसरतं, पण इथे पांढरीवरून काळीवर जायचं होतं. घसरून कोणी वर चढतं का? लॅसेल्स म्हणाला, “अरे बाबा, त्याला सहावं बोट असेल!”

वैतागून मी तीच धून तीन पट्ट्या वर धरून वाजवली, आणि बोट लोण्यावरून गेल्यासारखं घसरलं.

मग उलगडलं. अमेरिकेचा ऑर्गन त्यांच्या विजेसाठी बनवलेला. आपल्या विजेची आवर्तनं कमी, त्यामुळे इथे त्याची मोटर हळू फिरते आणि सगळे सूर तीन पट्ट्या खाली उतरतात. इथल्या स्टुडिओवाल्यांनी आपापले ऑर्गन केव्हाच दुरुस्त करून घेतले होते. न केलेला एकच मला माहीत होता. तुलाही माहीत आहे. आपल्या हायगेटच्या चर्चमधला, न्यूयॉर्कच्या नातेवाइकांनी पाठवलेला. त्याच्यावर सगळी भजनं बैल गायल्यासारखी निघायची. तीन पट्ट्या वर धरून तो सहज वाजवणारं माणूस गावात एकच होतं.

ताई, मला हे सरळ लिहिता येत नाहीये. नाचाच्या कार्यक्रमात गायलीस म्हणून जिने तुझी बॅग अंगणात ठेवली, तीच ती.

रविवारी तबकडी घेऊन तिच्याकडे गेलो. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मी धून लावली. ओळ संपायच्या आधीच तिचं बोट टेबलाच्या कडेवरून घसरलं.

“तूच ना?”

“आलायस तर हात चालव. शेंगा सोल.”

“आई!”

“हो, मीच! पास्टर गावात नव्हते. बँडची पोरं ऑर्गन बघायला आली, रेकॉर्डिंगचं मशीन सोबत घेऊन. वाजवलं. फार मजा आली, खोटं कशाला बोलू? मग पास्टरांना कळलं. भर प्रार्थनेत माझं नाव घेतलं, ऑर्गनवरून उठवलं. बायका माझ्याशी बोलेनात. इसीच्या वाट्याला ते नको होतं.”

“म्हणून तूच तिला घराबाहेर काढलंस?”

ती शेंगा सोलत राहिली. सोललेले दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकत होती.

मला काही कळेनासं झालंय. इतका सुंदर ऑर्गन मी आयुष्यात ऐकला नाही, आणि तो माझ्या आईचा आहे. अभिमानाने ऊर भरून येतो आणि लगेच तुझी ती बॅग आठवते. तिच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, शेंगा सोलल्या.

“तिला सांगू नकोस, शपथ घे,” म्हणाली. मी घेतली. म्हणजे हे पत्र लिहून ती मोडतोय.

कारण मी गाडी सुरू केली तेव्हा ती काठी टेकत फाटकापर्यंत आली. काचेवर टकटक करून म्हणाली, “इसी आता कोणत्या पट्टीत गाते रे? वयाने आवाज उतरला असेल. विचार तिला. मी कुठूनही धरीन.” न सांगता कसं विचारायचं, ते काही बोलली नाही.

गाण्यात आवाजाची जागा मी मोकळी ठेवली आहे. तिला माफ कर असं मी म्हणणार नाही. मला स्वतःलाच अजून जमलेलं नाही.

फक्त तुझी पट्टी कळव. ती रोज फोन करून विचारते.

तुझाच,
रॅन्सफर्ड