निळ्या जिभेचा कागद

अप्पा, चप चप चप असा तो जुन्या दिवसांतला आवाज आज सकाळपासून कानात आहे. समोर चारा नाही, पाणी नाही, आणि मेंढ्या उगाच जीभ बाहेर काढून ओठ चाटत उभ्या आहेत. मास्तर यायच्या आधी वर्ग पाठ केलेली कविता ओठांतल्या ओठांत घोकतो ना, तसं मला तेव्हा वाटलं होतं, आणि तसं मी बोलूनही गेलो. तुम्ही थर्मामीटर झटकत म्हणालात, "कविराज, तोंडं सुजलीत त्यांची. वृत्त नंतर मोजा, आधी वही उघडा." तुम्ही गुरांचे डॉक्टर, मी तुमचा मुलगा आणि तुमच्याच दवाखान्यातला कारकून. घरी तुम्ही मला नावानं हाक मारायचात. दवाखान्यात मात्र कविराज, आणि तेही चारचौघांत.

आज पेपरात आलंय की दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत पाऊस सरल्यावर मेंढ्या त्याच रोगानं मरताहेत. मी ते चेन्नईत, वेलचेरीतल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून वाचलं. तुमच्या वेळी इथे एरी, म्हणजे गावतळं होतं, त्याचा बांध होता, बांधावर मेंढरं होती. आता बांधाच्या जागी आमचं पार्किंग आहे आणि कार्तिकातल्या पावसात तळं आपली जागा शोधत तिथे येतं.

तो म्हातारा मेंढपाळ आठवतो? संध्याकाळ झाली की कडुनिंबाचा पाला आणि शेण्या पेटवून धूर करायचा, सगळा कळप त्या धुरात उभा करायचा. त्याची मुलगी, माझ्याच वयाची, एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे आणि बोटानं तिच्या तोंडात नाचणीची पेज सोडते आहे. ती तुम्हाला, सगळे म्हणतात तसं 'अय्या', म्हणजे साहेब म्हणून, तमिळमध्ये सांगते, "अय्या, बारीक चिलटं चावतात. दिवसा नाही, सूर्य कलला की. धूर विझवू नका." तुम्ही हसता. "चिलटानं मेंढी मरते? मग माणसं कशी उरली?" बुटानं आग विस्कटता. तुमचं निदान ठरलेलं होतं: लाळ्या-खुरकूत, एकाची लागण दुसऱ्याला. म्हणून मेंढरं गावच्या गुरांपासून लांब हवीत. म्हणून बांधाखाली, चिखलात, पाण्याच्या कडेला बांधा. म्हातारा एवढंच म्हणाला, "अय्या, ते तर चिलटांचं घर आहे." तुम्ही म्हणालात, "कॉलेजात कोण गेलं होतं, तू का मी?"

आठ दिवसांत निम्मा कळप गेला. शेवटी शेवटी जिभा जांभळ्या-निळ्या पडून दातांबाहेर लोंबत होत्या. आणि तुम्ही मला मजकूर सांगितलात: मेंढपाळाने आजार लपवला, वेळेवर कळवले नाही. मी तो टाइप केला. एकही चूक नाही, समास नीट सोडलेला. तुम्ही कागद उजेडाकडे धरून म्हणालात, "हं, हे जमतं तुला," आणि खिशातलं स्वतःचं पेन काढून मला दिलंत. आयुष्यात तुम्ही केलेलं तेवढं एकच कौतुक, आणि ते त्या कागदावर. त्या कागदावरूनच म्हाताऱ्याची तळ्याकाठची चराई बंद झाली. उरलेली मेंढरं खाटकाकडे गेली आणि तो जॉर्ज टाउनच्या बाजारात पोती उचलायला.

दोन महिन्यांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. लाळ्या-खुरकूत नव्हे. चावणाऱ्या चिलटांवाटे पसरणारा विषाणू. स्पर्शाने लागण नाही. तुम्ही उभ्यानेच वाचलंत, चष्मा काढलात, पुसलात. मला वाटलं, आता गाडी काढायला सांगाल, त्याच्याकडे जाल. तुम्ही म्हणालात, "फायलीत लाव. तळाशी लाव."

तळाशी लाव! या दोन शब्दांसाठी मी तुम्हाला कधी क्षमा केली नाही. तुमच्या तेराव्याला लोक तुमच्या हाताच्या गुणाचं कौतुक करत होते आणि मी पानातला भात बोटांनी चिवडत होतो. बायकोला, मुलांना मी हेच सांगत आलो: माझा बाप वाईट नव्हता, पण चुकला हे म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. इथवर सगळं खरं आहे.

पुढचं मी कुणालाच सांगितलं नाही. मी तो कागद फायलीत लावलाच नाही, अप्पा. त्यात 'निळी जीभ' असे शब्द होते. मला ते फार सुंदर वाटले. त्यांच्यावर कविता करीन म्हणून कागद घडी करून घरी आणला आणि कवितांच्या वहीत ठेवला. पुढच्या वर्षी म्हाताऱ्याच्या अर्जावरून वरचे साहेब तपासणीला आले. त्यांनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली, अगदी तळापर्यंत. तुमचं ऐकलं असतं तर कागद तिथे असता. साहेबांनी विचारलं, "प्रयोगशाळेचं काही आलं होतं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, "नाही सर." मला वाटत राहिलं की तुम्ही बोलाल. तुम्हाला बहुतेक वाटलं असेल की मी तुम्हाला वाचवलं. कविता काही झाली नाही. पहिल्या ओळीपुढे सरकलीच नाही.

म्हाताऱ्याची ती मुलगी आमच्या फाटकाबाहेर पालेभाजी विकते. आठ वर्षं झाली, मी तिच्याकडून रोज मुळैकीरै, म्हणजे माठाची जुडी घेतो. मला आवडत नाही तरी. ती मला इथल्या बोलीत "सार", म्हणजे सर, म्हणते, जास्तीची कोथिंबीर घालते. मी ओळखलंय तिला. तिने मला ओळखलेलं नाही, अशा समजुतीवर माझं चाललं आहे. हे पेपरातलं वाचल्यापासून कागद काढून टेबलावर ठेवलाय आणि खाली गेलेलो नाही.

आत्ता बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं तर तीच. वॉचमन तिला कधी वर सोडत नाही, आज कशी आली कोण जाणे. हातात जुडी आहे, तीन मजले चढून धाप लागली आहे. मी कडी काढली नाही. परत टेबलाशी आलो, कागद वहीत सारला आणि हे तुम्हाला लिहितो आहे, जणू उत्तर तुम्ही देणार आहात.

ती पुन्हा दार ठोठावते आहे. "आहात ना आत? सकाळी आला नाहीत, बरं नाही का?" आणि मग, जरा थांबून, "कारकून सार?"