एकेचाळीस सेंटिमीटर

९ जुलै २०२५

पाणी उलटं आलं. शहराच्या टोकाला, चिनहटच्या पलीकडच्या नव्या वसाहतीतलं पाणी नाल्यात सोडायला आम्ही मार्चमध्ये गटार पुरी केली. आज नाल्याचंच पाणी त्या गटारीतून वसाहतीत शिरलं. चाळीसेक घरांत गुडघाभर. ऑफिसात दिवसभर फोन. डिझाइन माझं, पण माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. तीस वर्षांत कधी दाखवलेलं नाही.

१० जुलै

वसाहतीत जाऊन आलो. पाणी ओसरलंय, वास गेलेला नाही. कोपऱ्यातल्या घरात गीता नावाच्या बाई राहतात, चौकातल्या व्यापाऱ्यांसाठी चिकनचं भरतकाम करतात. कुर्त्यांचं कापड दोरीवर वाळत घातलं होतं — पांढरं कापड, त्यावर गटारीची काळी रेघ. ‘साहब, ये तो चौक वालों का माल है. अब उनको क्या मुँह दिखाएँ?’

मी म्हणालो, ‘देखते हैं.’ हे वाक्य आता तोंडातून आपोआप येतं. बाईंनी तरीही चहा विचारला. घेतला नाही.

११ जुलै

या शहराला उतार असा नाहीच. समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटर, आणि मग चहूकडे परातीसारखं सपाट. पाटणला आमच्या गावी पाण्याला निघालं की गुडघेच सांगायचे किती उतरलो ते. इथे डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. शंभर मीटरला चार बोटं उतार मिळाला तरी चैन म्हणायची. नव्याने आलो तेव्हा महिनाभर डोंगर शोधत होतो, वेड्यासारखा. गोमतीसुद्धा कुठे चाललीय ते तिला विचारावं लागेल.

म्हणून इथे आकड्यावर विश्वास ठेवायचा, दुसरं आहे काय? आणि आकडे मला पाठ. कुठल्या पुलाचा कठडा, कुठल्या शाळेची पायरी — मोजणी जिथून सुरू करायची त्या खुणेची उंची विचारा, मिलिमीटरपर्यंत सांगतो. नवी मुलं वही उघडत नाहीत, मला फोन करतात. लग्नाचा वाढदिवस तेवढा राहत नाही म्हणून विभा चिडते.

१२ जुलै

चौकशी बसली. मोजणीच्या वहीवर सही प्रियाची आहे, माझ्या हाताखालच्या नव्या इंजिनिअरची.

१३ जुलै

रविवार. विभाला महानगरच्या मंडईत भाजी आणायला जातो सांगून थेट चिनहटला गेलो. स्कूटरवर लेव्हलचं यंत्र आणि पट्टी.

गेल्या वर्षी मे महिन्यात मोजणी नाल्यावरच्या पुलापासून सुरू केली होती. प्रिया यंत्रावर, मी छत्रीखाली. कठड्याची उंची मी तोंडी सांगितली, तिने लिहून घेतली. शेवटी ती म्हणाली, ‘सर, स्कूल वाली सीढ़ी पर ताळा कर लें?’ सगळं हिंदी आणि ताळा तेवढा मराठी, तोही माझ्याकडून उचललेला. दुसऱ्या खुणेवर ताळा केल्याशिवाय वही मिटायची नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. पायरी अर्ध्या किलोमीटरवर. ऊन मरणाचं होतं. मी म्हणालो, ‘गरज नाही. आकडा पाठ आहे मला.’

आज पुलाच्या कठड्यावर पाटी वाचली. बांधकाम २०२२. जुना पूल पाडून नवा बांधलाय, तसेच पिवळे-काळे पट्टे मारलेत. मी पाठ केलेला कठडा तीन वर्षांपूर्वीच डबर झालाय.

चहावाल्याला पट्टी धरायला लावली आणि शाळेच्या पायरीपासून मोजत पुलापर्यंत आलो. पाऊण तासाचं काम. नवा कठडा एकेचाळीस सेंटिमीटरने बुटका. नाल्याच्या तळाचा आकडा मात्र नकाशातला, बरोबर. म्हणजे अख्खी गटार तेवढीच खाली बसली, तोंड नाल्याच्या तळाखाली. पाणी येणारच. पाण्याने काहीच चुकीचं केलं नाही.

भाजी न घेताच घरी आलो.

१५ जुलै

प्रियाला निलंबित केलं. प्रोबेशन संपायला दोन महिने राहिले होते. जेवताना विभाला सांगितलं. ‘बुद्धपौर्णिमेला खीर घेऊन आली होती, ती? तिचे वडील रेल्वेत ना, आपल्याकडून बदलून आलेले?’ हो म्हटलं. ‘मग तुम्ही सांगा ना साहेबांना काहीतरी. तुमचं ऐकतात.’

माझं ऐकतात, हेच तर झालं. तिला ‘बघतो’ म्हणालो.

सप्टेंबरअखेर मी निवृत्त. खातेनिहाय चौकशी माझ्यामागे लागली तर पेन्शन अडकेल. हा विचार पहिल्यांदा आला, तिचा नंतर. इथे तरी खरं लिहितो.

१६ जुलै

पत्र लिहिलं. चार ओळी. पुलाची उंची मी तोंडी सांगितली, ती जुन्या पुलाची होती. ताळा करू नको म्हणून मीच सांगितलं. खाली सही. उद्या देणार.

१७ जुलै

पत्र खिशात. चीफसाहेब मीटिंगमध्ये होते. अर्धा तास बाहेर बसलो, मग शिपायाने सांगितलं, आज होणार नाही. जिना उतरताना हलकं वाटलं. लाज वाटली, पण आधी हलकं वाटलं.

१८ जुलै

साहेब दिवसभर जागेवर होते. मी गेलो नाही.

१९ जुलै

प्रियाचा फोन आला. एरवी माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देते, आज शब्द शोधत शोधत मराठीत बोलली. पट्टी वाचताना तिचीच चूक झाली, असं चौकशीत लिहून दिलंय तिने. ‘सर, तुमचा नंबर तर चुकू शकत नाही. मीच चुकीचं वाचलं असणार. माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं. माफ करा मला.’

पत्र समोर टेबलावर होतं.

‘असू दे,’ मी म्हणालो. ‘होतं असं.’