वजनाइतका गूळ

बाई, तू विसरभोळी ती विसरभोळीच. तुला जाऊन चाळिसाच्या वर वर्षं झाली, एकदा स्वप्नात डोकावून जावं, तर तेही तुझ्या ध्यानात राहत नाही. शेजारणीची सासू दर अमावास्येला तिच्या स्वप्नात येऊन भांडून जाते. तुला साधं भांडायलाही सवड नाही का? आता मी कोण हेही विसरली असशील, म्हणून आधी तेच सांगते. मी तुझी थोरली. चार वर्षांची असताना तापानं फणफणले होते आणि तू अंगणात उभी राहून रामशेजच्या गडाकडं बघत नवस बोलली होतीस, ती. हे मी सांगतेय आणि माझी सूनबाई लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही, एवढं तरी तुला आठवत असेल. सूनबाई शाळेत शिकवते, त्यामुळे मध्येच पेन थांबवून म्हणते, "आई, पत्राची सुरुवात अशी करत नाहीत." मी म्हटलं, "तू तुझ्या आईला लिहिशील तेव्हा तुझ्या पद्धतीनं लिही. ही आई माझी आहे."

तर परवा मी गडावर जाऊन आले. दसरा होऊन गेला होता, मुलाला आणि सूनबाईला एकाच दिवशी सुट्टी आली होती, आणि मला घरात एकटीला ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. "आई, रामशेजला जाऊ, तासाभरात पोचतो. तू खाली गाडीत बस, आम्ही वर जाऊन येतो," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "गाडीत बसायला मी काय गाडीचं कुशन आहे?" पेठ रोडनं निघालो. तुझ्या वेळी या दिवसांत गडाच्या अंगाला खुरासणी फुललेली असायची, सगळं पिवळंधमक. आता खाली द्राक्षाच्या बागा आहेत आणि त्यांची छाटणी चाललेली, नुसत्या काड्या उभ्या. खुरासणीचं एक वावर दिसलं तेवढंच. गवत मात्र तेच, कंबरेएवढं, वाळायला लागलेलं, वाऱ्यानं एका अंगावर झोपलेलं. चढायला आता पायऱ्या नीट केल्यात, धरायला दांडाही आहे. तीनदा बसले. प्रत्येक वेळी मुलगा विचारायचा, "दम लागला का?" मी म्हणायचे, "नाही रे, गाव बघतेय." दोघांनाही खरं माहीत होतं.

बसल्या बसल्या तू दिसायला लागलीस. मी सतरा वर्षांची आहे, लासलगावकडच्या घरात नवी सून आहे. घर मोठं, कांदा मोठा, सासूचा आवाज त्याहून मोठा. माहेरी पाठवायचं म्हटलं की कधी कांद्याची लागण असते, कधी खुरपणी असते, दिवाळीलासुद्धा काहीतरी असतंच. आणि मग दसऱ्यानंतर तुझा निरोप येतो. "लेकीचा लहानपणीचा नवस राहिलाय. तिच्या वजनाइतका गूळ गडावर वाटायचाय. तिलाच जोखावं लागतं, तिच्याशिवाय होत नाही." सासू माणसाला भीत नव्हती, देवाला मात्र चांगली भ्यायची. म्हणायची, "जा बाई, देवाचं अडकवून ठेवू नये. पण चौथ्या दिवशी घरात पाहिजेस." मग मी एसटीनं येते, तू टोपली डोक्यावर घेतेस आणि आपण दोघी गड चढतो.

आणि दर वर्षी तू काहीतरी विसरतेस. पहिल्या वर्षी तागडीच घरी राहिली. दुसऱ्या वर्षी तागडी आणलीस तर वजनं नाहीत. तिसऱ्या वर्षी दोन्ही होतं, तर आधी मला भाकरी आणि ठेचा पोटभर खायला घातलास आणि मग कपाळावर हात मारून म्हणालीस, "अगं बये, जेवलेल्या माणसाला जोखत नसतात. भाकरी आपल्या घरची, तिचं वजन तुझ्यात कसं धरायचं?" चौथ्या वर्षी माझ्या पोटात हा तुझा नातू होता, तर तू म्हणालीस, "नवस एकटीचा बोललेय, आता दोन जीव झाले, हे काही देवाला चालायचं नाही." मी हसून हसून पायरीवर आडवी झाले. तू मात्र तोंड असं गंभीर केलेलं की बघणाऱ्याला वाटावं, देवाशी तुझं आत्ताच बोलणं झालंय. मग नैवेद्याची गुळाची ढेप तेवढी फोडायची, गवत कापणाऱ्या बायांच्या हातावर एक एक खडा ठेवायचा, आणि तू माझं डोकं मांडीवर घेऊन उवा शोधायला बसायचीस. मी म्हणायचे, "बाई, लग्न झालंय माझं." तू म्हणायचीस, "उवांना कुठं माहितीये?"

असं दहा-अकरा वर्षं चाललं. गावात, नातेवाइकांत, सगळीकडे मी तुझी चेष्टा करायचे. माझी आई इतकी विसराळू की एक दिवस गडच कुठं ठेवला ते विसरेल, असं म्हणायचे, आणि तूही माझ्याबरोबर हसायचीस. मग आम्ही नाशकात आलो. पंचवटीत दोन खोल्या, तीन पोरं, ह्यांची नवी नोकरी. सासू गावाकडं राहिली, मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं. आता तर मी तुला तासाभराच्या अंतरावर आले होते. पण त्या वर्षी तुझा निरोप आला, तेव्हा धाकटीला डांग्या खोकला झालेला आणि नळाचं पाणी दोन दिवस आलेलं नव्हतं. त्यात शेजारीण म्हणाली, "काय हो, तुमच्या आईचा गूळ अजून जोखून व्हायचाय का?" नळापाशी जमलेल्या सगळ्या बाया हसल्या. आजवर तुला हसायचं ते मी हसायचे. त्या हसल्या ते मला झोंबलं.

मी ह्यांना म्हटलं, मला गूळ आणून द्या. धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर मी स्वतः जाऊन बसले, पोत्यांच्या शेजारी, पदर सावरून. पाच ढेपी लागल्या. देव इथंही तोच, असं म्हणत पंचवटीतल्या देवळासमोर बसून अर्ध्या दिवसात सगळा गूळ वाटून टाकला. घरी आले तेव्हा हात चिकट होते आणि मोठं काम उरकल्यासारखं वाटत होतं. भाऊ आला होता, त्याच्याबरोबर तुला निरोप दिला, "बाईला सांग, नवस फिटला. आता विसरायला काही उरलं नाही." हे मी हसत सांगितलं होतं, बाई, पण भाऊ काही हसणं पोचवत नसतो, तो निरोपच पोचवतो. पुढच्या खेपेला त्याला विचारलं, बाई काय म्हणाली? तो म्हणाला, "काही नाही. चूल सारवत होती, सारवत राहिली."

त्यानंतर तू मला बोलावलं नाहीस. भावाच्या लग्नात भेटलीस, त्या गर्दीत तू वाढत होतीस आणि मी पोरं आवरत होते. तिसऱ्या वर्षी तू गेलीसच. मी यायच्या आत तुला नेलं होतं.

हे सगळं मी गुंडाळून ठेवलेलं होतं आणि चांगलं ठेवलेलं होतं. पण परवा वर देवळापाशी एक म्हातारी ताक आणि काकड्या घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "झेपल्या का पायऱ्या, आजी?" मी म्हटलं, "आजी कोणाला म्हणतेस गं, आरसा नाही का घरी?" तशी ती खदखदून हसली. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी धाकटी असेल, पण तोंडात दात म्हणून नाही. "कुठल्या तुम्ही?" तिनं विचारलं. मी आपल्या गावाचं नाव सांगितलं.

"तिथली एक बाई यायची बघा वर," ती म्हणाली. "दसरा झाला का यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत तागडी. मी तवा नवी नवरी, आम्ही गवत कापाया यायचो. ती हितं ह्या पायरीवर बसायची. इचारलं तर म्हणायची, लेक यायची हाय."

मी विचारलं, "मग यायची का लेक?"

"आधी यायची म्हणत्यात. म्या पाहिली ती दोन वर्सं तर बाई एकलीच आली. ऊन कललं का आम्हाला समद्यांना हाक मारायची, गूळ फोडून हातावर ठेवायची, आन टोपली उचलून चालायला लागायची. आम्ही म्हणायचो, लेक नाय आली व्हय? तर म्हणायची, ती नाशकात असते, लय कामाची हाय, तिच्याबिगर तिच्या घराचं पान हालत नाय."

मी तिच्याकडचं ताक प्यायले. सूनबाई म्हणाली, "आई, डोळे का पुसताय?" मी म्हटलं, ऊन आहे. देवळात सावलीला बसले होते मी, बाई. मुलगा तटाचे फोटो काढत होता. त्या म्हातारीनं काकडी चिरून मीठ लावून हातात दिली आणि मी ती खाल्ली, पण तिला सांगितलं नाही की ती लेक मी.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसवलं, ते सांगते. तुला वाटत असेल, पोरीला कळलंच नाही. ती भोळी, तिनं खरंच माझा नवस फेडून माझ्या डोक्याचा भार उतरवला. तसं वाटून तू गेली असशील तर बरंच आहे. पण दुसऱ्या वर्षी, वजनं विसरल्याच्या वर्षी, तू टाक्यावर पाणी आणायला गेलीस तेव्हा मी टोपलीत कांदा शोधत होते. तळाशी, तुझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात, वजनं बांधलेली होती. सगळी होती, अडीचशे ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत. मी फडकं होतं तसं बांधलं आणि वर भाकऱ्या ठेवल्या. तू पाणी घेऊन आलीस, टोपलीत हात घातल्यासारखं केलंस आणि कपाळावर हात मारलास. मीही कपाळावर हात मारला. तेव्हापासून मला माहीत होतं की तू काही विसरत नाहीस. धान्याच्या काट्यावर बसले त्या दिवशीही माहीत होतं. कामाचा कंटाळा आला होता, बाया हसल्या होत्या, एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

सूनबाईनं पेन खाली ठेवलंय. विचारते, "आई, हे कुठं पाठवायचं?" कुठं पाठवणार? तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि मधल्या मधे ही बिचारी दोन्हीकडचं सगळं वाचून बसली. राहू दे घडी करून, कपाटात पत्रिका ठेवतो त्या पिशवीत.

पण सूनबाई, एक काम कर. तुझ्या शाळेतली ती शिक्षिका रोज गडाकडच्या गावातून येते ना, तिच्याबरोबर त्या ताकवालीला दशम्या पाठव. दुधात मळ, पाणी एक थेंब घालू नकोस, आणि मऊ ठेव, तिला दात नाहीत. चांगल्या दहा-बारा कर, वर तूप लाव. आणि कोणी पाठवल्या विचारलं, तर तुझं नाव सांगू नकोस. सांग, टोपलीवाल्या बाईच्या लेकीनं पाठवल्यात.