जॉयसी लंगडते

सोम. ७ जुलै
जॉयसीच्या केमोचा सातवा महिना. आज पुन्हा कठडा धरून जिना उतरली. डावा पाय टाकताना ओठ आवळते. विचारलं तर "मुंग्या आल्यात मम्मी, बाकी काही नाही." मुंग्यांनी कोणी महिनाभर लंगडतं?

वॉर्डात शेजारच्या खाटेवर अर्नाळ्याची परी. चार वर्षांची. तोच रक्ताचा कॅन्सर, तीच औषधं. सलाइन निघालं की कॉरिडॉरभर पळते. माझी पंधराची, शाळेच्या खो-खो टीममधली. तिची साखर वाढली, तोंड आलं, आता पाय. काहीतरी चुकतंय यांचं. डोस?

गुरु. १०
परीची आजी पाणी आणायला गेली तेव्हा परीची फाइल उघडली. लाज वाटली, तरी उघडली. औषधांची नावं तीच. जॉ.चे आकडे दुपटीहून जास्त! फोटो काढला. सिस्टर म्हणाली, "उंची-वजनावर ठरतं, मॅडम." उत्तर जरा जास्तच तयार होतं.

आजी परत आली. "आमच्या पोरीला कायपन नाय होत. तुमचीलाच का ओ?"

तेच तर.

शनि. १२
डॉक्टरबाईंपुढे फोटो धरला. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. डोस बरोबर. म्हणाल्या, "लहान मुलं ही औषधं बऱ्याचदा जास्त सोसतात. दहाच्या पुढच्यांना त्रास जास्त. स्टिरॉइडने हाडांनासुद्धा."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात." कागद काढला. खाली सही माझीच. त्या आठवड्यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही.

मग बाईंनी जॉ.ला विचारलं, "पाय कधीपासून दुखतोय?" मीच उत्तर दिलं, मुंग्या आहेत म्हणून. बाई जॉ.कडेच बघत राहिल्या. जॉ. खिडकीबाहेर.

रवि. १३
चर्चमधून, मिसाहून लवकर परतले. जॉ. पलंगाच्या कडेला, दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय पॅन्टमध्ये घालत होती. मला बघून थिजली.

"कधीपासून?"

"इस्टरपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर त्यांनी औषध थांबवलं असतं. आणि मग कॅन्सर परत आला असता तर?"

तीन महिने. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी दुसऱ्याच्या लेकराची फाइल चाळत होते.

शुक्र. १८
एमआरआय झाला. दोन्ही खुब्यांच्या हाडाला रक्त कमी पोचतंय, डाव्यात जास्त. कुबड्या दिल्या. स्टिरॉइड कमी करायचं की थांबवायचं, सोमवारी सगळे डॉक्टर मिळून ठरवणार.

जॉ.ने सरळ विचारलं, "थांबवलं तर कॅन्सर परत येईल?"

बाई म्हणाल्या, "बाकीची औषधं चालू राहतील. पण येणारच नाही, असं मी सांगू शकत नाही."

सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं बोलणं मला खरं वाटलं.

रवि. २०
विल्सन म्हणतो, आता डॉक्टरांवर सोड. त्यांच्यावर सोडेन. पोरीच्या शब्दावर नाही सोडवत, हे नवऱ्याला कसं सांगू?

सकाळी ती कुबड्या खोलीत ठेवून स्वयंपाकघरापर्यंत चालत आली. भिंतीला हात नाही, चेहऱ्यावर काही नाही. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. म्हणाली, "मम्मी, आज अजिबात दुखत नाहीये."