फॉस्फरसशी माझा गनिमी कावा

३ मार्च
आजपासून पथ्य. कडक! चीज बंद, कोला बंद. बायकोची किडनी मला जुळली आहे, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. मग डायलिसिसला रामराम. अट एकच. डॉक्टर म्हणतात, रक्तातला फॉस्फरस खाली आणा, नाहीतर रक्तवाहिन्यांत क्षार साचून त्या कडक होतील, मग नवी किडनी जोडायची कुठे? हात्तिच्या, एवढंच ना!

४ मार्च
चीजचा एक तुकडा. फ्रीजमध्ये वाया चालला होता. अन्नाचा अपमान मला बघवत नाही.

७ मार्च
डायलिसिस. शेजारच्या खुर्चीवरचे मास्तर प्रत्येक जेवणाबरोबर फॉस्फरसची गोळी चावून खातात. ती म्हणे कॅल्शियमची असते, अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते. बिचारे! रोज कोण चघळत बसणार? मी गोळ्या साठवतोय. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या एकदम, तेही रिकाम्या पोटी. गोळीच्या कामात अन्नाची लुडबुड नको.

११ मार्च, संध्याकाळ
ऑपरेशनसाठी ही वजन उतरवतेय. पहाटे चालते, मला सोबत म्हणून अळणी जेवते. म्हटलं, कशाला जिवाचे हाल करतेस? तिच्या काळजीने घशाला कोरड पडली. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन कोला घेतला. छोटा.

१५ मार्च
उद्या रक्त. कालपासून लंघन. गोळ्यांची फौज घोटभर पाण्यासोबत पोटात उतरवली. पोटाचा दगड झालाय. लढाईत एवढं चालायचंच.

१६ मार्च
रक्त दिलं. माझी एक जास्तीची नळी घेतली, कुठल्याशा नव्या चाचणीसाठी. मास्तरांची नाही घेतली! आदर्श पेशंट म्हणून निवड झाली असणार. मी मात्र चेहरा साधाच ठेवला.

१९ मार्च
फॉस्फरस झकास! मास्तरांपेक्षाही कमी. त्यांना दोन युक्तीच्या गोष्टी सांगायला गेलो तर डोळे मिटून पडले. जळतात, दुसरं काय. विजयाप्रीत्यर्थ चीज सँडविच.

२३ मार्च, दुपार
डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. फोटोबिटो काढतील म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता.
डॉक्टर म्हणाले, तुमचा फॉस्फरस म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर. नवी चाचणी कपाट उघडून बघते. आणि माझ्या कपाटातून सगळं भसकन अंगावर आलं. रक्ताची क्षार थोपवायची ताकद घटली आहे, वाहिन्या किटलीच्या बुडासारख्या होत चालल्या आहेत. कॅल्शियमही अचानक कशाने वाढलं, असं त्यांनी विचारलं. मी पंख्याकडे बघत राहिलो.
जास्तीची नळी नर्सच्या सांगण्यावरून घेतली होती. आधीच्या एका डायलिसिसला तिला माझ्या तोंडाला चीजचा वास आला होता. म्हणजे मी आदर्श नव्हतो, संशयित होतो.
ऑपरेशन सहा महिने पुढे.
ही घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

२३ मार्च, जेवणानंतर
हिने ताटाशेजारी गोळी ठेवली. म्हणाली, माझी किडनी लाडाकोडात वाढलीय, असल्या घरात नांदायला पाठवणार नाही. आधी सासर नीट करा. मग समोर बसून राहिली.
चावली. खडूसारखी लागते, आजच कळलं.
तिने तोंड उघडून दाखवायला सांगितलं.
दाखवलं.