शेवटच्या नाक्याआधीची तीन मिनिटं

बाबा, काल बिट्टन मार्केटच्या हाटात तुमच्या रॅलीच्या गाडीचा जुना मेकॅनिक भेटला. दाढी पार पांढरी झालीय, पण त्याने मला लगेच ओळखलं. हातातली मेथीची जुडी तशीच धरून म्हणाला, "बिटिया, साहब जैसा ड्राइवर भोपाल में दूसरा नहीं हुआ. बस, क़िस्मत ने मारा." घरी आले आणि पिशवी ओट्यावर आपटली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्या नशिबाचं रडगाणं काही संपत नाही.

नशीब! शब्द ऐकला तरी माझं डोकं उठतं. टायर फुटला, नशीब. म्हशी आडव्या आल्या, नशीब. क्लचची वायर तुटली, तेही नशीबच. आणि तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये आईच्या दुधाच्या पातेल्यात पेट्रोल ओतून तुम्ही कार्बोरेटर धुतलात, ते कोणाचं नशीब? आठवडाभर चहाला तोच वास. आई बोलली तर म्हणे, "अगं यार, एकदा जिंकू दे, नवीन आणतो." ते पातेलं कधीच आलं नाही. आई शेवटपर्यंत वरणाच्या भांड्यात दूध तापवत राहिली.

आणि मी? मला शेजारी बसवून हातात नकाशा आणि स्टॉपवॉच दिलंत, कारण दुसरं कोणी तुमच्याबरोबर बसायला तयार नव्हतं. रॅलीत वेळ नोंदवणाऱ्या प्रत्येक नाक्यावर ठरल्या मिनिटालाच पोचायचं. उशीर झाला तर गुण कापणार, लवकर पोचलात तर त्याच्या दुप्पट. तुम्हाला थांबणं माहीतच नव्हतं, म्हणून थांबवणारी मी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी पेपरच्या आदल्या दिवशी गाडी पचमढीच्या घाटात बंद पडली आणि माझी केमिस्ट्री बुडाली. मी रस्त्याच्या कडेला बसून रडतेय, आणि तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणताय, "आपलं नशीबच फुटकं बघ, बेटा." आपलं? पेपर माझा होता हो! वर्ष माझं गेलं. तुम्ही साधं सॉरीसुद्धा म्हणाला नाहीत.

पुढच्या वर्षी मात्र सगळं जमून आलं. रायसेनच्या रस्त्यावरचा शेवटचा नाका, आणि आपण सगळ्यांच्या पुढे. वळणाच्या अलीकडे पळसाखाली गाडी उभी आहे. हा नाका वेळेत गाठला की आपण जिंकलो, आणि जिंकलो की दक्षिणेतली मोठी रॅली, नेमकी माझ्या परीक्षेच्या आठवड्यात. मला न विचारता तुम्ही आपल्या दोघांची नावं कळवूनही टाकली आहेत. स्टिअरिंगवर बोटं वाजवत तुम्ही विचारता, "निघू?" माझ्या हातातल्या स्टॉपवॉचप्रमाणे निघायला अजून तीन मिनिटं बाकी आहेत. मी म्हणते, "निघा."

आपण तिसरे आलो. तुम्ही जो भेटेल त्याला हसत सांगितलंत, "क्या करें, क़िस्मत!" मी परीक्षा दिली, पास झाले, आज शाहपुऱ्यातल्या शाळेत केमिस्ट्री शिकवते. मला पश्चात्ताप नाही, बाबा. मुळीच नाही. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा "निघा"च म्हणेन.

माझा राग वेगळाच आहे. तुमचं मनगटी घड्याळ माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर तुम्ही ते सेकंदासकट लावायचात. त्या दिवशीही लावलं होतंत. मी "निघा" म्हटल्यावर तुम्ही मनगटाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत, आणि एक शब्द न बोलता गाडी गिअरमध्ये टाकलीत. का? एक शिवी तरी हासडायची होती! मग मला आयुष्यभर तुमच्यावर बिनघोर चिडता आलं असतं. तेवढंही ठेवलं नाहीत तुम्ही माझ्यासाठी.

हा कागद मी त्या घड्याळाखालीच सरकवून ठेवणार आहे. एक सांगायचं राहिलं. काल मेकॅनिकला खरं काय ते सांगून टाकायला तोंड उघडलं होतं मी. पण म्हणाले, "हाँ भैया, क़िस्मत ही थी."