पावणी

शिरोळ, २४ मे १९९६
॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. सौंदर्या हिस तुझ्या थोरल्या जावेचे, गंगव्वाचे, अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं पुण्याला सुखरूप पोचल्याचं बसवेशभावजींचं कार्ड मिळालं. तू आणलेला फ्रॉक शांभवी अंगातून काढायला तयार नाही. शेजारच्या अंबूबाईनं कुणी आणला म्हणून विचारलं, तर पावणीनं आणला म्हणून सांगते. तू मनाला लावून घेऊ नकोस. दारात रिक्षा थांबली की पावणं आलं म्हणायची आपली रीत, पोरीनं तेवढंच उचललं. तू पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी, आणि ही आत मला ओरडून सांगते की अव्वा, पावणी आली. अंबूबाई हसून हसून जोत्यावर बसली. तूही हसलीस, ते बरं केलंस. वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसाला पोर दुसरं काय म्हणणार? मी काही शिकवलेलं नाही. जाताना तू वर न बघता पाया पडलीस म्हणून एवढं लिहिलं. बँकेतल्या माणसांनी इतकं नाजूक असू नये.

बदलीच्या गावी जाताना तू हिला तान्ही असताना माझ्या ओटीत घातलीस. देवानं मला दिलं नाही ते तू दिलंस, हे मी गावभर सांगते. पोर माझीच की, नाव तेवढं तुमचं लावते.

लोभ आहेच. वाढवायचा तर इकडं यावं लागतं.
तुझी, गंगव्वा

*

पुणे, ३ जून १९९६

ती. सौ. अक्कांना सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हो, मी हसले. जयसिंगपूर स्टेशनात गाडी हलेपर्यंत हसतच होते. मिरजेला यांनी विचारलं की डोळ्यात काही गेलंय का. मी हो म्हणाले.

आता माझी बदली पुण्यातून हलणार नाही. शांभवीचं नाव इथल्या शाळेत घातलं आहे. रविवारी हे तिला न्यायला येतील. परकर-पोलकी बांधून देऊ नका, इथं ती घालणार नाही. आणि कृपा करून सोबत येऊ नका. सवयीचं माणूस समोर असलं की मूल रुळत नाही. निघताना गळ्यात पडून रडारडही नको.

तुम्ही सांभाळलंत, ते आम्ही विसरणार नाही. दुसऱ्याची वस्तू बरेच दिवस घरात राहिली की परत देताना हात जड होतो, हे मी समजू शकते. पण वस्तू दुसऱ्याचीच असते.

थोरल्या भावजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे.
आपली, सौंदर्या

*

शिरोळ, ४ ऑगस्ट १९९६
॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. सौ. सौंदर्या हिस अनेक आशीर्वाद.

मस्करीची कुस्करी होते म्हणतात ते खोटं नाही. एका शब्दापायी पोर उचलून नेलीस. भावजींनी तिला रिक्षात घातली, तेव्हा तिचा आवाज कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत येत होता. तू सांगितलंस तशी मी रडले नाही. आत जाऊन पाट्यावर चटणी वाटत बसले.

बेंदूर झाला. मातीचे बैल मीच केले. शिंगं लावायचं काम शांभवीचं असायचं, एक वर आणि एक खाली. यंदा शिंगं सरळ आली. आमच्या मालकांनी एकदा बघितलं आणि न जेवता गोठ्याकडं गेले.

एक सांगायचं राहिलं. झोपताना तिला हातात कानाची पाळी लागते, माझी. तिथं कुणाची धरते? तू आपली पुढं कर, लाजू नकोस. आणि दसऱ्याच्या सुट्टीत चार दिवस तरी पाठव. मी स्टेशनवर येऊन उभी राहीन, तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. तिच्या तोंडातली अव्वा तेवढी राहू दे. माझं दुसरं काही मागणं नाही.

लोभ तुझ्या हातात आहे.
गंगव्वा

*

पुणे, ६ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. अक्कांना सा. न. वि. वि.

दसऱ्याला शांभवी येणार नाही. सुट्टीत पोहण्याचा वर्ग लावला आहे.

कान धरून झोपायची सवय मोडली. थोडे दिवस रडली, मग उशीचा कोपरा धरू लागली, मग तोही सुटला. बोलणंही सुधारलं आहे. मी मारत नाही, ओरडतही नाही. ती हाय-न्हाय करू लागली की मला ऐकूच येत नाही. एकदा पानी पायजे, पानी पायजे करत ओट्याशी उभी होती. मी भांडी विसळत राहिले. शेवटी, मला पाणी हवं आहे, असं नीट म्हणाली, तेव्हा पेला दिला. घटाघटा प्यायली. आता चुका क्वचितच होतात.

तुमची आठवण काढून फार हट्ट करायची. मग मी तिला सांगितलं की मी आणलं नाही, अक्कांनीच तुला पाठवून दिलं. गावंढळ बोलणारी मुलगी त्यांना नको झाली होती. त्या दिवसापासून रडणं थांबलं. तुम्हाला ती आता काकू म्हणते. नातं तेच आहे.

लोभ दुरूनही राहतो.
आपली, सौंदर्या

*

पुणे, २० जानेवारी १९९७

ती. सौ. अक्कांना सा. न. वि. वि.

संक्रांतीला न कळवता आलात आणि पाणीही न घेता गेलात. मी चहा टाकला होता. तुम्ही आणलेले वाडीचे पेढे मिळाले.

दार शांभवीनं उघडलं. तिनं तुमच्याकडे पाहिलं आणि आत वळून स्पष्ट सांगितलं की आई, पाहुण्या आल्या आहेत. मी काही शिकवलेलं नाही. तुमचा चेहरा एवढा का उतरला कळलं नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला मूल दुसरं काय म्हणणार? मी मात्र हसले. अंबूबाई असत्या तर त्याही हसल्या असत्या.

लोभ असेलच.
आपली, सौंदर्या

*

शिरोळ, २७ जानेवारी १९९७

चि. सौ. सौंदर्या हिस आशीर्वाद.

फेडलंस. आता बरं वाटत असेल. पण तू स्वयंपाकघरात चहा टाकत होतीस तेव्हा जिन्यात काय झालं, ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

मी उतरायला लागले तशी पोर मागून आली. पदराचं टोक मुठीत धरलं आणि हळू म्हणाली की काकू, मी सगळं शुद्ध बोलते. मघाशी पावणी नाही म्हटलं, पाहुण्या म्हटलं. आता न्याल का मला?

मला त्या वेळी काही ऐकू येत नव्हतं. दारातला शब्द डोक्यात होता. पावण्यांच्या मागं लागू न्हाई, असं मी तिला म्हणाले. एकेक बोट सोडवून पदर काढून घेतला आणि खाली उतरले.

साताऱ्याच्या पुढं गाडी आली तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिनं मला परकं केलं नव्हतं गं. हिला शुद्ध बोलता येतं हे अव्वाला दिसावं, मग अव्वा परत नेईल, म्हणून पाठ केलेला शब्द तिनं दारातच म्हणून दाखवला. तू तिला जे खोटं सांगितलंस, ते जिन्यात मीच खरं केलं.

एवढं पत्र तिला वाचून दाखव. पाया पडते तुझ्या. वयाचा मान बाजूला ठेवून पडते.
गंगव्वा

*

पुणे, ३ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. अक्कांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शांभवीला वाचून दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.

जिन्यातलं मला माहीत होतं. चहा उतू जात होता आणि मी दारामागे उभी होते. तिनं तुमचा पदर धरला तेव्हा मी दाराची कडी धरली. तुम्ही एकेक बोट सोडवलंत, तेव्हा कुठे ती सोडली.

ती बराच वेळ जिन्यात थांबली. मग आत आली, ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली की आई, मला पाणी हवं आहे.

मी लगेच दिलं.

कळावे. यापुढे लोभ नसला तरी चालेल.
सौंदर्या